टिंबाच्या अलीकडचं नाव

माणसाला स्वतःच्या नावाची किंमत आयुष्यात दोनदाच कळते, असा माझा बरीच वर्षं समज होता. एकदा कुणाच्या तरी कर्जाला जामीन राहताना आणि एकदा निवृत्तीच्या दिवशी, साहेब निरोपाच्या भाषणात ते चुकीचं घेतात तेव्हा. तिसरा प्रसंग सहासष्टाव्या वर्षी येणार हे पत्रिकेत असलंच, तर पत्रिका करणाऱ्याला ते दिसलं नव्हतं.

त्याचं असं झालं. डोंबिवलीच्या आमच्या घरात माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. तीत गेल्या चाळीस वर्षांतलं माझं किरकोळ लेखन आहे. 'किरकोळ' हा शब्द माझा. आमची ही त्याला 'कागद' म्हणते. दिवाळी अंकांतले दहा-बारा लेख, संपादकांच्या 'साभार परत'च्या चिठ्ठ्या आणि सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेतलं 'पाण्याची टाकी : एक चिंतन' असा तो ऐवज. गेल्या वर्षी घराला रंग काढला, माळा रिकामा झाला आणि पेटी पुन्हा वर चढवायची की रद्दीवाल्याच्या हातगाडीवर, यावर घरात मतभेद झाले. तेव्हा चिरंजीव मध्ये पडले.

"बाबा, याची वेबसाइट करू. जागा लागणार नाही, धूळ बसणार नाही, कसर लागणार नाही."

"आणि वाचणार कोण?" हिनं विचारलं.

"पेटीत तरी कोण वाचत होतं?" चिरंजीवांनी माझी बाजू घेतली. निदान मी तरी तसं समजलो. "पण आधी डोमेन घ्यावं लागेल."

"म्हणजे काय?"

"म्हणजे नाव."

"नाव आहे की मला!"

"ते नव्हे हो. विकत घ्यायचं."

बारशाला आत्यानं कानात कुर्र केलं, त्याबद्दल तिला एक साडी मिळाली होती. माझ्या नावावर आजवर झालेला खर्च तेवढाच आणि तोही वडिलांनी केलेला. पण काळाबरोबर चालायचं ठरवलं होतं. संगणकापुढे बसलो, पडद्यावरच्या चौकोनात स्वतःचं नाव-आडनाव इंग्रजी अक्षरांत एकमेकांना चिकटवून लिहिलं, पुढे डॉट कॉम लावलं आणि कळ दाबली.

उत्तर आलं : हे नाव घेतलेलं आहे.

आता हे नाव माझ्या रेशनकार्डावर आहे, पॅनकार्डावर आहे, दारावरच्या पाटीवर आहे. ते 'घेतलेलं आहे' म्हणजे काय? कपड्याच्या दुकानात जावं, आपल्याच अंगातल्या सदऱ्याकडे बोट दाखवून दुकानदारानं म्हणावं, "साहेब, हा पीस गेला. यातच दुसरं काही दाखवू का?" तसंच झालं. कारण यंत्रानं लगेच दुसरं काही दाखवायला सुरुवात केली. माझ्या नावाआधी 'द' लावलेलं. नावानंतर 'ऑनलाइन' लावलेलं. 'गुरू' लावलेलं. शेवटी १२३ लावलेलं, जणू या नावाच्या मालातला मी एकशे तेविसावा नग. बाजूला एक लाल घड्याळ उलटं धावत होतं : नऊ मिनिटं राहिली. कशाला राहिली ते कळत नव्हतं, पण छातीत धडधडत होतं.

माझं नाव मी इथे सांगत नाही. त्याला कारण आहे, ते पुढे येईल. एवढंच सांगतो, की ते काही जगावेगळं नाही. लहानपणी गिरगावच्या चाळीत आमच्याच आडनावाची तीन बिऱ्हाडं होती : वरचे, खालचे आणि नळाजवळचे. आम्ही नळाजवळचे. त्यातही खालच्यांचा मुलगा माझ्याच वयाचा आणि माझ्याच नावाचा. पण त्यावरून कधी भांडण झालेलं आठवत नाही. एकदा पोस्टमननं एक लांबट लिफाफा आमच्याकडे टाकला. वडिलांनी फोडला. नोकरीचं पत्र! आईनं देवापुढे साखर ठेवली, मी सदऱ्याची बटणं लावू लागलो आणि वडिलांची नजर वडिलांच्या नावावर, म्हणजे त्या मुलाच्या वडिलांच्या नावावर गेली. ते तसेच अनवाणी दोन जिने उतरले, लिफाफा खालच्यांच्या हातात दिला, "चुकून फोडला, माफ करा" म्हणाले आणि वर येऊन जेवायला बसले. मला नोकरी लागायला पुढे आणखी चौदा महिने लागले.

तर चाळीत एका नावाचे दोघे सुखानं नांदतात. इंटरनेटवर नांदत नाहीत. असं का, ते चिरंजीवांनी मला समजावून सांगितलं आणि उरलेलं मी स्वतः वाचून काढलं. सुरुवातीला अमेरिकेत यंत्रं मोजकी होती आणि त्यांच्या नावांची एकच यादी असे. ती स्टॅनफर्डच्या एका संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइन्लर नावाच्या बाईंची कचेरी ठेवायची. नवं यंत्र घेतलं, की बाईंच्या कचेरीत नाव नोंदवायचं. चाळकमिटीच्या फळ्यासारखाच प्रकार. यंत्रं वाढली, फळा पुरेना, तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस या गृहस्थांनी टिंबांची युक्ती काढली. पोस्टातला छाननी करणारा माणूस पत्ता खालून वर वाचतो : आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग गल्ली आणि सर्वांत शेवटी तुमचं नाव. तसंच हे नाव उजवीकडून डावीकडे वाचायचं. कॉम हा जिल्हा. त्याच्या अलीकडे टिंब. टिंबाच्या अलीकडे तुम्ही. जिल्हे निरनिराळे असले तर एका नावाची माणसं कितीही चालतात. पण एका जिल्ह्यात एकच. आणि सगळ्या जगाला राहायचंय कॉम जिल्ह्यात! तिथलं पहिलं नाव सिम्बॉलिक्स नावाच्या कंपनीनं १५ मार्च १९८५ रोजी घेतलं. पुढची दहा वर्षं ही नावं फुकट मिळत होती. १९९५ साली वर्षाला पन्नास डॉलर भाव लागला. त्या दहा वर्षांत मी काय करत होतो, याचा हिशेब काढला. सोसायटीच्या टाकीवर चिंतन करत होतो.

आपलं नाव मिळत नाही म्हटल्यावर मी दुसरी नावं शोधायला लागलो. लेखकाला त्यात काय अवघड, असं वाटलं होतं. 'अंगण' गेलेलं, 'ओसरी' गेलेली. ओसरीवर आधीच कुणीतरी ऐसपैस बसलेलं. मग 'माझे मन' लिहिलं. अमेरिकेतल्या भाच्यानं ते 'मेझमॅन' असं वाचलं आणि मामा भुलभुलैयाचा धंदा कधीपासून करायला लागले, असं विचारलं. 'मनाचे पान' मला फार आवडलं होतं. पण इंग्रजी लिपीला आपला काना ओळखता येत नाही. मेव्हण्यानं ते 'मानाचे पान' असं वाचलं आणि लग्नात विड्यांची ऑर्डर घेणार का, म्हणून चौकशी केली. 'ळ'च्या तर वाटेलाच जाऊ नका. त्या लिपीत काळे आणि काले एकाच पंगतीला बसतात.

"मग मराठीत घ्या की," ही म्हणाली.

तेही करता येतं. २०१४ सालापासून नावापुढे 'डॉट भारत' असं चक्क देवनागरीत लावता येतं. माझं नाव त्या जिल्ह्यात मोकळं होतं. अभिमानानं ऊर भरून आला. पण चिरंजीवांनी सांगितलं, की यंत्राला पोटातून अजून देवनागरी कळत नाही. आपण 'भारत' लिहिलं की ते मनातल्या मनात त्याचं 'एक्स एन, दोन आडव्या रेघा, एच टू बी आर जे नाइन सी' असं करतं. म्हणजे सासरी गेल्यावर मुलीचं नाव बदलावं तसंच. तेही चाललं असतं. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. माझ्या नावात एक दीर्घ वेलांटी आहे. परीक्षा म्हणून मी दहा आप्तेष्टांना ते लिहून पाठवायला सांगितलं. सात जणांनी ऱ्हस्व काढली. एवढ्या जवळच्या सात माणसांना जिथे माझ्या दारापर्यंत पोचता येत नाही, तिथे वाचकांचं काय?

तेव्हा रात्री, सगळे झोपल्यावर, मी त्या गृहस्थाच्या दारात जाऊन उभा राहिलो. म्हणजे माझंच नाव लिहिलं आणि आत गेलो.

आत एकच पान होतं. वर 'सुस्वागतम्', खाली एक फोटो : टोपी घातलेला माणूस, पुढ्यात उघडून ठेवलेली बाजाची पेटी. हा माझा नामबंधू दूरच्या एका तालुक्याच्या गावी पेट्या दुरुस्त करतो. खाली सूचना होत्या. पावसाळ्यात पेटी ओल्या भिंतीला लावून ठेवू नये. भात्याला उंदरांपासून जपावे. सूर बसला म्हणून स्वतः पट्ट्या खोलू नयेत. आधीच बसलेला सूर मग कायमचा निजतो. त्याखाली फोन नंबर. संपलं.

खरं सांगतो, मला राग आला. हा माणूस माझ्या नावावर पेट्या दुरुस्त करतो! मग लक्षात आलं, की त्याच्या बाजूनं पाहिलं, तर मी त्याच्या नावावर टाकीवर चिंतन करतो. तरी फोन नंबर डायरीत लिहून ठेवला. कधीतरी नाव विकत मागू, असा विचार.

नाव कुणाचं, या प्रश्नावर मोठमोठ्या कोर्टांनी डोकं खपवलेलं आहे. अमेरिकेत उझी निस्सान नावाचे एक गृहस्थ होते. निस्सान हे त्यांचं बापजाद्यांचं आडनाव. निसान म्हणजे ज्यूंच्या पंचांगातला वसंतातला महिना, आपल्या चैत्रासारखा. त्यांनी १९९४ साली आपल्या संगणकाच्या दुकानासाठी निस्सान डॉट कॉम घेतलं. मोटारी करणाऱ्या जपानी निस्सानला जाग आली १९९९ साली. तिचं नाव 'निप्पॉन सांग्यो' या दोन शब्दांची आद्याक्षरं जोडून झालेलं, म्हणजे तसं पाहिलं तर टोपणनावच. तिनं एक कोटी डॉलरचा दावा लावला. खटला आठएक वर्षं चालला. मोटारींच्या जाहिराती त्या नावावर लावायच्या नाहीत, असं कोर्टानं बजावलं. पण नाव राहिलं आडनाववाल्याकडेच. २०२० साली ते वारले, तोपर्यंत त्यांनी ते सोडलं नव्हतं. हे वाचून मला भरून आलं. मोठ्या कंपनीपुढे साधा माणूस उभा राहिला म्हणून नव्हे. वसुली साहेबांच्या भाषणातल्या चुकीच्या नावाची झाली, असं काहीतरी वाटलं म्हणून.

मग माझं प्रकरण मी त्या तराजूत घालून पाहिलं. दुसऱ्यानं घेतलेलं नाव काढून घ्यायचं, तर १९९९ पासून तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : नाव आपल्या नाममुद्रेसारखं आहे, त्या माणसाचा त्यावर हक्क नाही आणि त्यानं ते वाईट हेतूनं घेतलं नि वापरलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही २००४ साली एका खटल्यात, अशा नावांना व्यापारचिन्हासारखं संरक्षण आहे, असा निवाडा दिलाय. माझ्या बाबतीत मुद्रेचा पत्ता नव्हता. हक्क त्याचा सरळ होता, त्याच्याही आत्यानं कुर्र केलेलंच होतं. राहता राहिला वाईट हेतू. तो सगळाच्या सगळा माझ्याकडे निघाला.

आणि नेमकं इथेच चिरंजीवांनी मला एक गोष्ट शिकवली, ती शिकवायला नको होती. प्रत्येक नावाची नोंद कुणालाही पाहता येते. या शोधाला वर्षानुवर्षं 'हू इज' म्हणत. आता तिथे नवी पद्धत आली आहे, पण घरात आम्ही 'हू इज'च म्हणतो. तीत मुदत दिसते. कारण ही नावं विकत मिळतच नाहीत, भाड्यानं मिळतात. फार तर दहा वर्षांचं भाडं एकदम भरता येतं. त्यानंतर पुन्हा रांगेत. नामबंधूची मुदत तेवीस दिवसांनी संपत होती.

संपली. चोविसाव्या दिवशी पेटी गेली, टोपीवाला माणूस गेला आणि तिथे कसल्याशा जाहिराती आल्या.

अशा नावाचं पुढचं क्रियाकर्म ठरलेलं असतं. आधी काही आठवडे दुकानदाराच्या मर्जीवर सवलत. मग तीस दिवस आणखी, पण दंड भरून. मग पाच दिवस कुणालाच हात लावता येत नाही. आणि नंतर ते मोकळं होतं. ज्याची बोटं आधी पडतील त्याचं. मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेन्सिलीनं बारीक टिंबं करायला सुरुवात केली. हिनं विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "गॅस सिलिंडर."

यात वाईट काय होतं? कायदा माझ्या बाजूनं होता. मी काही चोरणार नव्हतो. त्यानं भाडं भरलं नाही, खोली रिकामी झाली, मी राहायला गेलो. रोज सकाळी मी स्वतःला हे सांगायचो आणि रोज सकाळी सांगावं लागायचं, तिथेच पाणी मुरत होतं. विसरणं म्हणजे सोडणं का? मी आजवर लोकलमध्ये विसरलेल्या छत्र्या ओळीनं उघडल्या तर कल्याणपर्यंत सावली होईल. त्यातली एकही मी कुणाला दिलेली नाही. बरं, छत्री उचलणाऱ्याला ती कुणाची हे ठाऊक नसतं. माझ्या डायरीत फोन नंबर होता. माहीत असून गप्प बसणं याला काय म्हणायचं? चोरी म्हणावं तर हात लागलेला नाही. सभ्यपणा म्हणावं तर फोनकडे बघवत नाही.

शेवटी विषय बागेतल्या कट्ट्यावर काढला. स्वतःचा नव्हे, 'एका माणसाचं असं असं झालं' म्हणून. कट्ट्यावर तीन पक्ष पडले. एकानं लोकलमधल्या रुमालाचा दाखला दिला. डोंबिवलीत एखाद्यानं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली आणि रुमाल उडून खाली पडला, तर जागा कुणाची? "बसेल त्याची," एक जण. "ज्यानं रुमाल पडताना पाहिला त्यानं तरी बसू नये," दुसरा. आमच्यात एक निवृत्त स्टेशनमास्तर आहेत, ते शेवटी बोलतात. ते म्हणाले, "रुमाल टाकून जागा धरणं हेच मुळात नियमात नाही." मला हायसं वाटलं. मग त्यांनी तंबाखूची चिमूट दाढेला लावली आणि म्हणाले, "पण त्या रुमालावर नाव असलं आणि तुम्हाला ते वाचता येत असलं, तर मग नियम कशाला हवा?"

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. सिलिंडरचंही. मला वाटलं, ती चिडेल. ती शेंगा निवडत होती, निवडतच राहिली.

"किती दिवस मिळतात म्हणालात? विसरलेलं नाव परत घ्यायला?"

"सगळे धरून अडीच महिने."

"बरेच झाले की. मला एवढे नव्हते." शेंगेचा दोरा काढत ती म्हणाली, "ताटात तांदूळ पसरले होते. तुम्ही अंगठीनं लिहिलंत. तुमच्या आईनं आधीच नाव ठरवलं होतं आणि मला ते ताटात वाचून कळलं. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव, तिन्ही एकदम. संध्याकाळी तेच तांदूळ भातात."

मी म्हणालो, "अगं, तेव्हा पद्धतच होती."

"मी कुठे नाही म्हणते? तुम्ही बघा तुमचं. एका नावासाठी एवढे दिवस झोप नाही तुम्हाला, म्हणून आठवलं."

चाळीस वर्षांत हा विषय आमच्याकडे एकदाही निघाला नव्हता. मी 'तुला आधी कधी...' असं काहीतरी म्हणायला गेलो, पण तिनं शेंगांची परात उचलली आणि आत गेली. त्या रात्री कालनिर्णयवर टिंब करायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी फोन केला. मी लोकांना सांगताना 'ताबडतोब फोन केला' असं सांगतो. इथे खरं लिहितो : नाव गेल्यापासून सव्विसाव्या दिवशी केला.

"हॅलो, कोण बोलतंय?" पलीकडून.

मी माझं नाव सांगितलं.

"हां, बोला. मीच."

"नाही, मी... मीही तोच."

"कोण तोच?"

"तुमच्याच नावाचा."

पलीकडे थोडा वेळ भात्यात हवा भरल्यासारखा आवाज आला. मग गृहस्थ खोखो हसले. मी सगळी हकीगत सांगितली. म्हणजे सव्विसातले पंचवीस दिवस वगळून. त्यांना वेबसाइट बंद झाल्याचं ठाऊकच नव्हतं. ती पुतण्यानं काढून दिलेली; पुतण्या आता बंगळूरला. भाडं भरा म्हणून येणारी पत्रं कुठल्या तरी जुन्या ई-मेलवर जात होती आणि त्याची किल्ली कुणाकडेच नव्हती.

"तरीच!" ते म्हणाले. "या महिन्यात नव्या माणसाचा एक फोन नाही. एरवी गणपतीच्या आधी दोन-तीन तरी येतात. म्हटलं, लोकांनी भजनं सोडली की काय."

मी काही बोललो नाही. काय बोलणार?

पुतण्याला धावपळ करावी लागली, पण सवलतीचे दिवस बाकी होते. आठवड्यात टोपीवाला माणूस परत जागेवर आला. नामबंधूंनी आभाराचा फोन केला. म्हणाले, "तुमच्याकडे पेटी असली तर पाठवून द्या. भाता, सूर, सगळं करून देतो. पैसे घेणार नाही." मी म्हणालो, "पेटी आहे हो, पण पत्र्याची. तिचे सूर कुणाला लागायचे नाहीत." तर हे कारण. नाव इथे दिलं, तर तुम्ही ते लिहून बघाल आणि त्यांना फोन करून माझ्या लेखांबद्दल विचाराल. त्यांना त्या नंबरावर पेट्यांचीच माणसं आलेली बरी.

त्यानंतर एका रविवारी मीच चिरंजीवांना म्हटलं, "तुझ्या आईचं माहेरचं नाव लिहून बघ." ती ओट्याशी होती. नाही नाही म्हणत हात पुसत आली. अक्षरं सांगितली तिनंच. आडनावात एक 'ए' की दोन, यावर जरा थांबली. कितीतरी वर्षांत लिहायची वेळ आली नव्हती. कळ दाबली. नाव मोकळं होतं.

"घ्यायचं?" चिरंजीवांनी विचारलं.

"काय ठेवणार आहे मी त्यावर?" असं म्हणाली, पण पडद्यावरची नजर हलली नाही. मग म्हणाली, "नुसतं नाव ठेवता येतं का?"

पहिल्या वर्षाला नव्व्याण्णव रुपये. दुसऱ्या वर्षापासून बाराशे, पण हे बारीक अक्षरात. साडी घेतली की फॉल-पिको करून देऊ का विचारतात, तसं दुकानदारानं सात-आठ गोष्टी विचारल्या. हिनं सगळ्यांना नको म्हटलं. भाजीबाजारातला हात. त्या साध्या पांढऱ्या पानावर मधोमध तिचं नाव आहे. दुसरं काही नाही.

आणि माझी पेटी? त्याचीही सोय झाली. टिंबाचा एक फायदा असा, की एकदा नाव घेतलं की त्याच्या अलीकडे आणखी एक टिंब देऊन पोटभाडेकरू ठेवता येतो आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. तेव्हा माझं नाव, मग टिंब, मग तिचं माहेरचं नाव, मग टिंब, मग कॉम. कुणी पत्ता विचारला, की मला पुरं नाव सांगावं लागतं आणि तिचं नाव मधे येतं. दर वर्षी मुदतीआधी आठवण करायचं काम माझ्याकडे आहे. कालनिर्णयवर आता शाईनं टिंब आहे.

माझे लेख कुणी वाचल्याचं अजून कळलेलं नाही. हिला मात्र गेल्या महिन्यात पत्र आलं. शाळेतली मैत्रीण, आता नागपूरला असते. इतकी वर्षं शोधत होती, सापडत नव्हती; सहज जुनं नाव लिहून पाहिलं. पत्राच्या शेवटी तिनं विचारलं होतं, "म्हणजे तू लग्न केलंच नाहीस का गं? आणि टिंबाच्या अलीकडे ते एक पुरुषाचं नाव दिसतं, ते गृहस्थ कोण?"

हिनं उलट टपाली कळवलंय : भाडेकरू आहेत. माणूस तसा बरा आहे.